एरोजेलची चकती न तडकता सुकवण्याचा खटाटोप: प्रयोगशाळेतल्या नोंदी

४ जून

काय करायचंय ते आधी लिहून ठेवते. सिलिका एरोजेलची (जेलमधला द्रव काढून त्या जागी हवा राहिलेलं, अतिशय हलकं सच्छिद्र घन) ६० मिमी व्यासाची, १२ मिमी जाडीची अखंड चकती, तीही साध्या वातावरणीय दाबावर सुकवलेली. दाणे किंवा भुगा चालणार नाही, कारण पुढे उष्णतावाहकता मोजायची आहे आणि त्या यंत्राला सपाट, सलग नमुना लागतो.

किस्टलरने १९३१ साली पहिलं एरोजेल केलं ते सुपरक्रिटिकल पद्धतीने. द्रव आणि वायू यांच्यातली सीमाच पुसून टाकायची, म्हणजे छिद्रांत ताण येत नाही. कार्बन डायऑक्साइड वापरला तर ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या आसपास काम भागतं. आमच्याकडे तसा ऑटोक्लेव्ह (जास्त दाब सोसणारं बंद पात्र) नाही, त्यामुळे लांबचा रस्ता: जेलच्या छिद्रांतलं पाणी अल्कोहोलने काढायचं, अल्कोहोल हेक्सेनने काढायचं, सुकताना छिद्रांच्या भिंती एकमेकींना चिकटू नयेत म्हणून सिलिकाच्या पृष्ठभागावर टीएमसीएस (ट्रायमिथाइलक्लोरोसिलेन) चढवायचं आणि मग सावकाश सुकवायचं.

सिलिकासाठी टीईओएस (टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट) न घेता सोडियम सिलिकेट, म्हणजे वॉटर ग्लास घेतलंय. स्वस्त आहे आणि हाताळायला त्रास नाही. सोडियम काढायला स्ट्राँग ॲसिड रेझिनचा कॉलम, म्हणजे सोडियम धरून ठेवणाऱ्या दाण्यांनी भरलेली काचेची नळी.

सरांनी विचारलं, किती दिवस? मी म्हणाले, तीन आठवडे. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतेय.

७ जून

पहिलाच दिवस आणि कॉलम गेला.

सिलिकेट एकास चार प्रमाणात डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ केलं. कॉलममध्ये १०० मिलि ओलं रेझिन. त्यातून ३०० मिलि द्रावण सोडायला घेतलं. पहिले दीडशे मिलि छान उतरले, पीएच २.३, पाण्यासारखं स्वच्छ. मग धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही बंद. वरून हवेचा दाब देऊन पाहिला. रेझिनचे दाणे एकमेकांना चिकटून काचेच्या नळीत बुचासारखे घट्ट बसले होते.

आकडेमोड आधी करायला हवी होती, ती नंतर केली. रेझिनची क्षमता लिटरमागे १.८ इक्विव्हॅलंट (इथे १.८ मोल सोडियम), म्हणजे १०० मिलिची १८० मिलिइक्विव्हॅलंट. पातळ केलेल्या सिलिकेटमध्ये लिटरमागे साधारण ०.८ मोल सोडियम, म्हणजे ३०० मिलिमध्ये २४०. रेझिन संपत आलं की बाहेर पडणाऱ्या द्रावणाचा पीएच वर चढू लागतो आणि वर चढताना तो नेमका पाच-सहाच्या पट्ट्यातून जातो. सिलिसिक आम्ल सगळ्यात झटपट जमतं ते तिथेच. कॉलमच्या पोटात मी अजाणता जेल बनवलं.

रेझिन फेकलं. नळी दोन दिवस पातळ कॉस्टिक सोड्यात बुडवून ठेवली तेव्हा कुठे मोकळी झाली.

११ जून

नवीन रेझिन. एका वेळी १२० मिलिच्या वर द्रावण सोडायचं नाही असं कॉलमवर मार्करने लिहूनच टाकलं. पहिले वीसेक मिलि फेकायचे, कारण त्यात कॉलममधलं पाणीच जास्त असतं. त्यानंतर दर दहा मिलिला पीएच पट्टी. तीनच्या वर गेला की थांबायचं आणि लगेच पाणी सोडून कॉलम धुवायचा. "जेवून येऊन धुते" हे चालत नाही.

उतरलेलं सिलिसिक आम्ल त्याच दिवशी वापरायचं. थोडं बाटलीत राखून ठेवलंय, किती टिकतं ते कळेल.

१२ जून

जेल करायला घेतलं. पीएच पाचपर्यंत न्यायचा आहे. बाटलीतला सरळ तीव्र अमोनिया ड्रॉपरने टाकला. थेंब पडला तिथे पांढरे लोळे झाले, उरलेलं तसंच पातळ. ढवळणी वाढवली तर लोळे फुटून सगळीकडे पसरले. ती बॅच गटारात.

दुसऱ्यांदा अमोनिया १ मोलर केला, सोल (जमण्याआधीचं पातळ सिलिसिक आम्ल) थंड पाण्यात ठेवला, चुंबकी ढवळणी चालू आणि थेंबाथेंबाने. पीएच ४.८ ला थांबले. लगेच साच्यांत ओतलं. नऊ मिनिटांनी साचा तिरपा केला तर काही हललं नाही. किंचित निळसर, जवळपास पारदर्शक.

साचे काचेच्या पेट्री डिशचे घेतले होते. ही चूक संध्याकाळी कळली: जेल काचेला चिकटतं. आकसताना कड सुटत नाही आणि मधून चीर जाते. तिन्ही चकत्या अशा गेल्या. आता पॉलिप्रॉपिलीनचे सपाट तळाचे डबे.

(राखून ठेवलेलं सिलिसिक आम्ल १४ तारखेपर्यंत पातळ होतं. पुढच्या आठवड्यात बाटली उलटी केली तर बाहेर आलं नाही. बाटलीसकट गेलं.)

१५ जून

एजिंग, म्हणजे जमलेलं जेल मुरू देणं: साचा झाकून ५० अंशांवर २४ तास. जेलने स्वतःच थोडं पाणी बाहेर टाकलं आणि कडा सुटल्या. बोटाने हलकेच दाबलं तर परत वर येतं. काढताना चिमटा वापरू नये. साचा पाण्यात बुडवून उलटा केला की चकती आपोआप तरंगत बाहेर येते.

मग इथेनॉलमध्ये धुणं: १५० मिलि, तीन वेळा, प्रत्येक वेळी आठ तास. हे वेळापत्रक आमच्याच लॅबमधल्या जुन्या वहीतून उचललं. तिथे दाण्यांसाठी लिहिलं होतं, याकडे माझं तेव्हा लक्ष गेलं नाही. पुढचा महिना या एका ओळीने खाल्ला.

२० जून

आज फ्यूम हूडमध्ये (विषारी वायू बाहेर खेचणारं काचेचं कपाट) थोडक्यात निभावलं.

इथेनॉलनंतर हेक्सेन, तेही तीन वेळा आठ-आठ तास. मग १०० मिलि हेक्सेनमध्ये चकती ठेवून १५ मिलि टीएमसीएस एकदम ओतलं आणि बाटलीचं झाकण लावलं. वाफ उडू नये म्हणून घट्ट. दोन मिनिटांत द्रव गरम झाला, चकतीच्या आतून बुडबुडे सुटू लागले, पाठोपाठ झाकण उडून हूडच्या काचेवर आदळलं. हायड्रोक्लोरिक वायूचा धूर. चेहऱ्यावर ढाल होती, काच खाली होती, म्हणून लिहितेय.

ही अभिक्रिया होताना हायड्रोजन क्लोराइड सुटतोच. सिलिकावरच्या हायड्रॉक्सिलशी (OH गटाशी) झाली तरी सुटतो, पाण्याशी झाली तरी सुटतो. झाकण सैल, हूड चालू, वायू निघेल अशी नळी सोड्याच्या द्रावणात पण पृष्ठभागाच्या वर, बाटली बर्फात. हे चार नियम आता हूडवर चिकटवलेत.

चकतीचे सतरा तुकडे झाले. मोजले, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

२५ जून

तुकडे तरी सुकवून पाहिले. दोन-तीन तुकडे पांढरट, हलके. बाकीचे काचेच्या खड्यांसारखे आकसलेले. घनता सरासरी ०.३४ ग्रॅम प्रति घनसेंमी. एरोजेल म्हणायला जीभ रेटत नाही.

हलके निघालेले सगळे तुकडे कडेचे होते. वहीत तसं लिहिलंय. अर्थ मात्र लावला नाही.

२ ते ९ जुलै

या आठवड्याची नोंद एकत्रच करते, कारण रोज वेगळं लिहावं असं काही घडलं नाही. माझा समज असा की चकत्या सुकवताना तडकतात, म्हणून सुकवण्यावर सगळा जोर. टीएमसीएस आता थेंबाथेंबाने टाकत होते, त्यामुळे चकती सुकवायच्या टप्प्यापर्यंत अखंड पोचत होती. निदान वरून दिसायला.

झाकणाला दहा भोकं: तडकली. तीन भोकं: एक दिवस उशिरा तडकली. हेक्सेनच्या वाफेने भरलेल्या डिसिकेटरमध्ये (हवाबंद काचेचं भांडं) ठेवून: चार दिवस लागले आणि मग मधोमध तडकली. सुकवण्याचा वेग कमी केला की तडा जाण्याची तारीख तेवढी पुढे सरकत होती.

केशाकर्षणाचा दाब काढला. १० नॅनोमीटर त्रिज्येच्या छिद्रात पाणी असेल तर साधारण १४ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या जवळपास १४० पट. हेक्सेन असेल तर त्याच्या चौथाई. चौथाई म्हटलं तरी ते काही थोडं नाही, म्हणून मी हेक्सेनलाच दोष देत बसले. वर्तुळाकार विचार.

एक गंभीर चूकही याच आठवड्यात. पाचवी चकती घाईने साध्या ओव्हनमध्ये ६० अंशांवर ठेवायला निघाले होते. लॅबमधले काका मागून म्हणाले, "मॅडम, हे हेक्सेन आहे ना? त्या ओव्हनचं कॉइल उघडं आहे." हेक्सेन ६९ अंशांना उकळतं, पण पेट घ्यायला त्याला तेवढं तापावं लागत नाही. साध्या तापमानालाही त्याची वाफ पेटते. तेव्हापासून नियम: हेक्सेनचा वास पूर्ण जाईपर्यंत हूडमध्येच, ओव्हन त्यानंतर.

हिशेब: पाच चकत्या, अडीच लिटर हेक्सेन, आठ दिवस.

१४ जुलै

आज उलगडा झाला आणि तोही चुकून.

ज्युनिअर त्याच्या उत्प्रेरकासाठी याच सोलमधून ४ मिमी जाडीच्या चिप्स करतोय. माझंच वेळापत्रक, माझंच इथेनॉल. त्याच्या चिप्स तडकत नाहीत. "ताई, तुम्ही काहीतरी वेगळं करता का?" असं त्याने अगदी निरागसपणे विचारलं. मी जरा चिडूनच हेक्सेनमधली माझी एक चकती, टीएमसीएस लावायच्या आधीची, ब्लेडने मधोमध कापून त्याला दाखवायला गेले.

कापलेल्या बाजूवर बाहेरचा साडेतीन मिमीचा थर पारदर्शक होता आणि मधे पांढरा ढगाळ पट्टा. सीमारेषा पेन्सिलने आखल्यासारखी. बाहेरून बघताना हे कधी दिसलंच नव्हतं, कारण चकती हेक्सेनमध्ये सगळीच थोडी धूसर दिसते. पांढऱ्या भागाला टिश्यू लावला तर तो ओला झाला आणि तो ओलावा उडून गेला नाही.

म्हणजे गाभ्यात पाणी होतं. इथेनॉलमध्ये मिसळलेलं होतं तोवर दिसत नव्हतं. हेक्सेनने इथेनॉल ओढून नेलं, पाणी हेक्सेनमध्ये मिसळत नाही, मग ते तिथेच बारीक थेंबांत वेगळं झालं. २० जूनचे बुडबुडे तिथूनच आले. २५ जूनला कडेचे तुकडे हलके आणि मधले खड्यांसारखे निघाले तेही त्यामुळेच. सुकवणं कितीही सावकाश करा, गाभा पाण्याच्याच ताणाने आकसणार आणि बाहेरचा थर नाही. मग तडा जायलाच हवा.

सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाणी मोजलंस का?" नव्हतं मोजलं.

१५ ते १७ जुलै

कार्ल फिशर टायट्रेशनवर (द्रवातलं पाणी मोजण्याची पद्धत) बसले. १२ मिमीची नवीन चकती, जुनंच वेळापत्रक, फक्त प्रत्येक वेळी इथेनॉलचा नमुना काढला.

चकतीचं आकारमान ३४ मिलि, इथेनॉल १५०. समतोल होऊ दिला तर दर धुण्याला पाण्याचं प्रमाण साधारण साडेपाचपटीने उतरायला हवं: १८ टक्के, मग ३.४, मग ०.६. माझ्या तिसऱ्या इथेनॉलमध्ये आठ तासांनी १.८ टक्के निघालं. चकती त्याच इथेनॉलमध्ये तशीच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजलं: २.३. म्हणजे आठ तासांनी मी द्रव बदलत होते तेव्हा पाणी अजून बाहेर यायचंच होतं.

मग ते गणित केलं जे बी. टेक.च्या तिसऱ्या वर्षाला दर परीक्षेत करत होतो आणि इथे आठवलं नाही. विसरणाला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाने वाढतो. जेलमधला विसरण गुणांक ५ × १०⁻¹⁰ चौरस मीटर प्रति सेकंद धरला, तर ४ मिमीच्या चिपला (अर्धी जाडी २ मिमी) सव्वादोन तास आणि १२ मिमीच्या चकतीला (अर्धी जाडी ६ मिमी) वीस तास. जाडी तिप्पट, वेळ नऊपट. ज्युनिअरला आठ तास म्हणजे चैन होती. माझ्या चकतीला लागणारा निम्माही वेळ मिळत नव्हता.

आणि हे पाणी किती महागात पडतं तेही काढलं. एक ग्रॅम पाणी साधारण १४ मिलि टीएमसीएस गिळतं. त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो तो सगळा वायू झाला तर पावणेतीन लिटर. माझ्या गाभ्यात दीड-दोन ग्रॅम पाणी होतं. मी ओतलेलं टीएमसीएस सगळंच्या सगळं पाण्याला पुरलं नसेल, सिलिकापर्यंत कुठून पोचणार.

पाणी मुद्दाम आत ठेवून टीएमसीएसच्या जोरावर ते बाहेर ढकलायची एक झटपट पद्धत आहे. बुडाशी पाण्याचा थर वेगळा होऊन बसतो, बघायला मजा येते. दाण्यांसाठी ती चालते, दाणा फुटला तर दोन दाणे होतात. चकतीला ती सोय नाही.

१८ जुलै

नवीन वेळापत्रक, नवीन सहा चकत्या (क्रमांक १२ ते १७).

एजिंग ५० अंशांवर ४८ तास. इथेनॉल चार वेळा, प्रत्येकी २४ तास, ५० अंशांवर वॉटर बाथमध्ये, रिफ्लक्स (वाफ थंड करून परत खाली आणणारी नळी) लावून. हेक्सेन तीन वेळा, प्रत्येकी २४ तास. चौथ्या इथेनॉलमध्ये पाणी ०.२ टक्क्याच्या खाली आल्याशिवाय हेक्सेनला हात लावायचा नाही. घड्याळ बघून नाही, टायट्रेशन बघून.

एक गोष्ट अजून: चकती बुडाशी बसली की खालची बाजू कोंडते. पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीवर उचलून ठेवली. पाणीमिश्रित इथेनॉल जड असतं, ते खाली उतरतं आणि ढवळणी न लावताही ताजं वर येत राहतं.

२४ जुलै

चौथ्या इथेनॉलमध्ये पाणी: ०.१४, ०.१२, ०.१५, ०.१३, ०.१२ आणि एका चकतीचं ०.४१. शेवटची जाळीवरून घसरून बुडाशी पडली होती. तिला अजून एक दिवस.

२७ जुलै

टीएमसीएस. हेक्सेनमध्ये १० टक्के, पण तीन हप्त्यांत, दोन हप्त्यांत सहा तासांचं अंतर, बाटली बर्फात, झाकण सैल. बुडबुडे जवळजवळ नाहीत. कडेने एखाद-दुसरा मण्यासारखा वर येतो. पाच तास हूडसमोर स्टुलावर बसून होते. काही घडलं नाही. बरं वाटलं.

चकती १५ ची कड नखाएवढी उडाली, ती मी जाळी काढताना.

१ ऑगस्ट

तीन दिवस टीएमसीएसमध्ये, मग ताज्या हेक्सेनने दोन वेळा धुणं. सुकवायला घेतलं. हूडमध्ये, तीन भोकांच्या फॉइलखाली, साध्या तापमानाला. टाकाऊ हेक्सेन वेगळ्या डब्यात, क्लोरोसिलेनची चिठ्ठी लावून. यात कुणीही पाणी किंवा अल्कोहोल ओतू नये. झाकण एक दिवस सैल ठेवलंय.

२ ऑगस्ट

हे सविस्तर लिहिते.

सकाळी आठला चकती १३ चा व्यास ५९ मिमी. दुपारी बाराला ५४. तीनला ४९. पाचला ४६ आणि कडेने पारदर्शक, काचेसारखी. तिथे माझा धीर सुटला. जुलैतल्या चकत्याही अशाच आकसत गेल्या होत्या आणि मग तडकल्या होत्या. खुर्ची ओढून समोर बसले.

साडेसहाला कड पांढरी व्हायला लागली. आधी एका बाजूने केसाएवढी रेघ, मग ती रेघ आत सरकू लागली, जमिनीवर सांडलेलं पाणी सुकताना कसं कडेकडून मागे हटतं तशी. रेघेच्या बाहेरचा भाग फुगत होता. उघड्या डोळ्यांना फुगणं दिसत नव्हतं, पण दर दहा मिनिटांनी पट्टी लावली की एखादा मिमी वाढलेला. आठला ५०. नऊला ५३. सव्वाअकराला ५५ आणि पूर्ण चकती धुरकट निळसर, काळ्या कागदावर ठेवली तर निळी, खिडकीच्या उजेडात धरली तर पिवळट.

याला स्प्रिंगबॅक म्हणतात. सुकताना ताणाने भिंती जवळ येतात, पण त्यांच्यावर मिथाइल गट असले तर एकमेकींना कायमच्या चिकटत नाहीत. द्रव गेला, ताण गेला की परत दूर होतात. नुसतं सिलिका असतं तर जवळ आलेल्या हायड्रॉक्सिलांनी हात धरले असते आणि सोडले नसते. वाचलं होतं हे सगळं. डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं.

ज्युनिअर नऊपर्यंत थांबला, मग त्याची बस होती.

५ ऑगस्ट

सहापैकी चार अखंड. १२ ला केसाएवढी चीर. १६, तीच बुडाशी पडलेली, दुभंगली. ज्यादा एक दिवस दिला होता, पण ०.२ च्या खाली आलं का ते पुन्हा मोजलं नव्हतं. आपलेच नियम.

चकती १३: व्यास ५५ मिमी, जाडी ११ मिमी, वजन २.९ ग्रॅम. घनता ०.११ ग्रॅम प्रति घनसेंमी. सिलिकाच्या सांगाड्याची घनता २.२ धरली तर ९५ टक्के रिकामी जागा. पाण्याचा थेंब गोल राहतो आणि घरंगळतो. संपर्ककोन १४६ अंश.

हातात घेतली तर वजन कळत नाही, बोटाला फक्त कोरडेपणा जाणवतो. हातमोजे घालायलाच हवेत. याचा भुगा कातडीचं तेल शोषून घेतो, दिवसभर बोटं खडबडीत राहतात. मास्कही.

९ ऑगस्ट

एवढं सगळं झाल्यावर चकती १५ मी स्वतः जाळली.

आत उरलेलं द्रावक काढायला भट्टीत २०० अंशांवर दोन तास ठेवायची होती. भट्टीवर आधीच्या कुणाचा तरी ४५० अंशांचा प्रोग्राम होता, मी फक्त स्टार्ट दाबलं. बाहेर काढली तेव्हा दिसायला जशीच्या तशी, उलट जरा जास्तच स्वच्छ. खात्री म्हणून थेंब टाकला. थेंब गोल राहिला नाही, आत गेला. आणि बारीक तडतड ऐकू आली, ओली काडी पेटवल्यासारखी. थेंबाखालचा भाग खचून खड्डा पडला, वाळल्यावर तिथे काचेची रेती.

एफटीआयआरवर (इन्फ्रारेड किरणांनी रासायनिक गट ओळखणारं यंत्र) बघितलं: २९६०, १२५५ आणि ८४५ च्या मिथाइलच्या खुणा गेल्या, ३४०० च्या भोवती हायड्रॉक्सिलचा रुंद पट्टा आला. हवेत एवढं तापवलं की मिथाइल गट जळून जातात. आता भट्टीवर प्रोग्राम बघून, मोठ्याने वाचून मग स्टार्ट.

उरल्या तीन: १३, १४, १७.

२६ ऑगस्ट

बीईटीचा (नायट्रोजन शोषायला लावून पृष्ठफळ मोजणं) नंबर सतरा दिवसांनी लागला. त्यासाठी चीर गेलेली १२ नंबरची चकती दिली. पृष्ठफळ ६९० चौरस मीटर प्रति ग्रॅम. यावर सगळे खूष.

छिद्रांचं आकारमान मात्र यंत्राने २.४ घनसेंमी प्रति ग्रॅम सांगितलं. घनतेवरून काढलं तर ८.६ यायला हवं. मी आधी नमुना बिघडला असं धरून अर्धा दिवस घालवला. बिघडलेला नव्हता. नायट्रोजनची ही मोजणी मोठी छिद्रं धरतच नाही, शिवाय छिद्रांत द्रवरूप झालेला नायट्रोजन अशा मऊ जाळीला मोजतानाच आकसवतो. अहवालात छिद्रांचं आकारमान घनतेवरून काढलेलं दिलं आणि बीईटीचं फक्त पृष्ठफळ.

४ सप्टेंबर

उष्णतावाहकता. सेन्सर दोन चकत्यांच्या मधे दाबून बसवायचा असतो. १३ आणि १४ नेल्या. पहिल्या पाच मोजण्यांत आकडे ०.०२२ पासून ०.०३१ वॉट प्रति मीटर-केल्विनपर्यंत विखुरलेले. चकत्या उजेडासमोर एकमेकींवर धरल्या तर मधून फट दिसली. जेल साच्यात जमताना कडेला वर चढलेलं असतं, त्यामुळे वरची बाजू बशीसारखी. दोघींच्या बशीसारख्या बाजू मी समोरासमोर लावल्या होत्या.

उलट्या केल्या, साच्याच्या तळाकडच्या बाजू सेन्सरला लावल्या. नऊ मोजण्या, ०.०२० ते ०.०२२ च्या आत. स्थिर हवेची ०.०२६ असते आणि थर्मोकोलची ०.०३३ च्या पुढे. छिद्रं हवेच्या रेणूंच्या सरासरी मुक्त प्रवासापेक्षा, म्हणजे ७० नॅनोमीटरपेक्षा लहान असली की रेणू एकमेकांवर आदळण्याआधी भिंतीवर आदळतात. म्हणून आत अडकलेली हवा मोकळ्या हवेपेक्षाही कमी उष्णता वाहते.

सरांनी आकडा बघितला, मग तारीख बघितली. "तीन आठवडे म्हणाली होतीस ना?"

११ सप्टेंबर

१७ नंबर डब्यात कापसावर ठेवलीय, तिला कुणी हात लावू नये.

ज्युनिअरला आता २४ मिमी जाडीची चकती हवी आहे. त्याला कागदावर मांडून दाखवलं: जाडी दुप्पट, म्हणून दर धुण्याला एक दिवसाऐवजी चार. इथेनॉलचीच चार धुणी म्हणजे सोळा दिवस, हेक्सेनचे बारा वेगळे, टीएमसीएसचं धरलेलंच नाही. तो थोडा वेळ कागदाकडे बघत बसला आणि म्हणाला, "ताई, बारा-बाराच्या दोन केल्या आणि एकमेकींवर ठेवल्या तर?"

साचे धुवून ठेवलेत. उद्या कॉलम तो चालवणार आहे, १२० मिलिची खूण त्याला दाखवलीय.